ढोलकी, दहावी आणि आम्ही

साल २०१९, जून महिना. आम्ही नुकतेच कचेरीतून घरी आलो होतो. हातपाय धुऊन चहाचा कप हाती घेतला, तोच दारात बारक्याचे वडील येऊन उभे राहिले. जय भीम झाला. आम्ही बसा म्हटले, ते बसले नाहीत. हातात निकालाचा कागद होता, नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणलेला. तो त्यांनी आमच्यापुढे धरला आणि म्हणाले, "भाऊ, तुमच्या वर्गाचा निकाल बघा."

गणितात नापास, इंग्रजीत नापास, विज्ञानात नापास.

वाचकहो, निकाल बोर्डाचा होता, पोरगा शाळेचा होता. पण नापास आम्ही झालो होतो. ते कसे, हे आज सांगायचे आहे. आपल्या वस्त्यावस्त्यांतून तरुण कार्यकर्ते मुलांसाठी गाण्याचे, वाजवण्याचे, पथनाट्याचे वर्ग चालवतात. हे काम चांगलेच आहे. पण आम्ही जिथे ठेचकाळलो तिथे त्यांनी ठेचकाळू नये, एवढाच या लिहिण्याचा हेतू. (बारक्या हे मुलाचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नकोच.)

आमची वस्ती मुंबईच्या पूर्व उपनगरात, रेल्वेच्या रुळांपलीकडे. आम्ही एका खाजगी कंपनीत हिशेब खात्यात कारकून. रात्रीच्या कॉलेजात बी.कॉम. झालो, त्यामुळे वस्तीत कोणत्याही मंडळाची हिशेबवही फिरून फिरून आमच्याकडेच येते. २०१५ च्या जयंतीची वहीही आमच्याकडेच होती. त्या वर्षी भिंतीएवढे डीजेचे खोके आले होते. रात्री दहा वाजता पोलिसांनी कायद्याप्रमाणे आवाज बंद करायला लावला आणि पोरे पांगली. आम्ही खुर्च्या मोजत होतो. सार्वजनिक संडासाच्या मागे पाहतो तो पाच-सात मुले पंक्चरचे सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगत बसलेली. दहा-बारा वर्षांची पोरे. ज्यांच्या नावाने दिवसभर नाचलो त्यांना काय वाटले असते, या विचाराने आमची मान खाली गेली.

त्यांच्यापासून थोडा दूर एक काळा, हडकुळा मुलगा पाण्याचे रिकामे पिंप पालथे घालून त्यावर बोटे वाजवत होता. डीजे बंद झाला तरी त्याचे चालूच. आमच्याबरोबर मास्तर होते. ते जरा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "ह्या पोराच्या हातात लय आहे. ह्याला कुणी बसवला पाहिजे."

मास्तर म्हणजे आमच्या वस्तीचे ढोलकीवाले. गिरणीत बदली कामगार होते. १९८२ च्या संपात गिरणी गेली ती पुन्हा मिळाली नाही. मग दिवसा वॉचमन आणि रात्री गायन पार्टीत ढोलकी, अशी त्यांनी तीस वर्षे काढली. त्यांच्या त्या एका वाक्यावर आमचा वर्ग उभा राहिला.

विहाराच्या माळ्यावर एक फाटकी ढोलकी होती. एक पेटी होती, तिच्या दोन पट्ट्या दबत नव्हत्या. पहिल्या वर्षीची वर्गणी ४,६५० रुपये. त्यातून पेटीची दुरुस्ती १,८००, ढोलकीचे पान ७००, दोन खंजिऱ्या ५००, वह्या ३५०, शिल्लक १,३००. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ, रविवारी सकाळी वंदनेनंतर. फी नाही. पहिल्या दिवशी नऊ मुले आली, सहा महिन्यांत बावीस झाली. मुलींना पाठवायला घरची माणसे कचरत होती. आमच्या पत्नीने घरोघर जाऊन आयांना सांगितले की, मी स्वतः दारात बसते, पोरींना घरी सोडून मगच घरी जाते. मग सहा मुली आल्या. त्यांत एक अडखळत बोलणारी होती. स्वतःचे नाव सांगताना तिचा जीव घाबरा होई. पण गाऊ लागली की एक अक्षर अडत नसे. बोलताना अडखळणारी माणसे बहुधा गाताना अडखळत नाहीत, हे आम्ही पुढे वाचले; त्या दिवशी मात्र तिच्या आईने पदर डोळ्यांना लावला होता.

आम्ही कारकून माणूस. हजेरीपट असल्याशिवाय आम्हांला कामच सुचत नाही. पहिल्या दिवसापासून हजेरी मांडली. सलग दोन वेळा गैरहजर राहिला की त्याच्या घरी एका मुलाला पाठवायचे, असा मास्तरांचा नियम. या एका नियमाने किती गोष्टी कळल्या! कुणाची आई इस्पितळात होती आणि तो धाकट्या भावंडांना भाकरी करून घालत होता. कुणाला वडिलांनी गॅरेजवर लावले होते. एक जण पुन्हा संडासाच्या मागे जाऊन बसू लागला होता. पोर सुधारते ते गाण्याने की कुणीतरी "काल का आला नाहीस?" असे विचारल्याने, हे आम्हांला आजही नक्की सांगता येणार नाही. पण ज्याला कुणी विचारतच नाही, ते पोर रुमालाकडे वळते, हे मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिले.

पिंप वाजवणारा बारक्या पहिल्या नऊ मुलांतलाच. वर्षभरात त्याचा हात असा बसला की मास्तर पेटीवर सूर धरायचे आणि बारक्या कान लावून ढोलकी त्या सुरात आणून ठेवायचा. २०१८ च्या जयंतीला आमच्या मुलांनी तासभर कार्यक्रम केला. लोकांनी बारक्याच्या अंगावर दहा-दहाच्या नोटा ओवाळल्या. दुसऱ्याच आठवड्यात शेजारच्या वस्तीतील एक पार्टीवाले आमच्याकडे आले. लग्नाचे, हळदीचे, नामकरणाचे कार्यक्रम करतात. पोरगा द्या म्हणाले, रात्रीचे चारशे रुपये देऊ.

बारक्याचे वडील नाका कामगार. आई दोन बिल्डिंगींत धुणीभांडी करते. चारशे रुपये म्हणजे काय, हे आम्ही जाणत होतो. शिवाय खोटे कशाला बोला, आमची छाती फुगली होती. आमच्या वर्गाचा पोरगा पार्टीत वाजवतो, असे आम्ही कचेरीतसुद्धा दोघा-तिघांना सांगितले. आम्ही होकार दिला. वडिलांना नीट विचारलेही नाही. पैसे घरी जाऊ लागले म्हणजे संमती आली, असे धरून चाललो.

तो त्या वर्षी दहावीत होता. नोव्हेंबरपासून लग्नसराई लागली. रात्री एक-दोन वाजता टेम्पोतून घरी यायचे, सकाळी शाळेत बाकावर झोपायचे. पुढे पुढे शाळेतच जायचे नाही. आमच्या वर्गात मात्र तो डोळे लाल घेऊन का होईना, येत होता. मास्तर एकदा म्हणाले, "पोरगा झिजतोय." आम्ही म्हणालो, "हंगाम आहे, संपेल." आमच्या हजेरीपटावर बारक्यापुढे सगळीकडे ह, ह, ह. आम्हांला त्या पटाचा मोठा अभिमान होता.

आणि आता त्याचे वडील दारात उभे होते.

आम्ही त्यांची समजूत घालू लागलो. वर्गाने पोर व्यसनापासून वाचले, असे म्हणालो. बाबासाहेबांना संगीताची आवड होती, उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते, असेही सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग बोलले. ते शब्द आम्ही त्याच रात्री वहीत लिहून ठेवले.

"भाऊ, माझा आजा गावात डफडं वाजवायचा. लगीन गावाचं, वाजवायचं आम्ही, आन् जेवण मागनं, उकिरड्याच्या कडंला. बाबासाहेबांचं ऐकून माझ्या बापानं ते डफडं चुलीत घातलं. मुंबईला आला, हमाली केली, पण वाजवायला गेला नाही. आन् तुम्ही माझ्या पोराच्या गळ्यात तेच परत अडकवलं. व्हायोलिनचं म्हणता, तर बाबासाहेब आधी बॅरिस्टर झाले. व्हायोलिन मागनं."

ते गेले. चहा तसाच निवला. आतून पत्नी म्हणाली, "हजेरी मांडलीत खरी, पण तुमच्याच वर्गाची. शाळेची कुणी मांडायची?"

त्या रात्री झोप आली नाही. त्यांच्या बोलण्यातले खरे किती आणि त्यांच्या रागातले किती, हे आम्ही ताडून पाहू लागलो. आपल्या वाडवडिलांना कुठे कुठे गावकीत वाजवावे लागत होते, हे खरे. ते वाजवणे म्हणजे कला नव्हती, हुकूम होता. पण त्याच समाजातून आंबेडकरी जलसाही उभा राहिला, हेही तितकेच खरे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक चळवळीतून जलशाची वाट निघाली होती. नाशिकला १९३० साली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, त्या काळात भीमराव कर्डकांसारखे जलसाकार कंदिलाच्या उजेडात गावोगाव फिरले. ढोलकी तमाशाचीच, तुणतुणे तेच. पण नाच्या गेला, गवळण गेली. त्यांच्या जागी सवाल-जवाब आले ते पोराला शाळेत घाला म्हणणारे, दारू सोडा म्हणणारे, मेलेले ढोर ओढू नका म्हणणारे. आपल्या दहा सभांचे काम एक जलसा करतो, अशा अर्थाचे बाबासाहेबांचे बोल आपल्या घराघरांत सांगितले जातात, ते यामुळेच.

लोककवी वामनदादा कर्डकांचेच पाहा. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मले, २००४ साली गेले. लहानपणी शाळा त्यांच्या वाट्याला आली नाही. मोठेपणी मुंबईत अक्षरे गिरवली, दुकानांवरच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले आणि मग हजारो गाणी लिहिली.

म्हणजे जलशात गाणे आणि पुस्तक ही जोडी होती. गाणे ऐकून माणूस पोराला शाळेत नेऊन घाली. आम्ही ती जोडी फोडली होती. गाणे ठेवले आणि पुस्तक शाळेवर सोपवून मोकळे झालो. ढोलकी गावाच्या हुकमाने गळ्यात पडते, चारशे रुपयांसाठी पडते, की शहाणे होण्यासाठी आपण हाती घेतो, हा फरक बारक्याच्या वडिलांना दिसला, बी.कॉम. झालेल्या आम्हांला दिसला नाही.

पुढे कचेरीतील एका तरुण सहकाऱ्याने आम्हांला मोबाईलवर परदेशातील एक माहिती वाचायला दिली. दक्षिण अमेरिकेत व्हेनेझुएला नावाचा देश आहे. तिथे कराकस शहरात १९७५ साली होसे आंतोनियो आब्रेऊ या गृहस्थांनी एका गॅरेजमध्ये अकरा मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला. गृहस्थ संगीतकार होते आणि अर्थशास्त्राचेही जाणकार, म्हणजे आमच्यासारखेच आकड्यांत रमणारे! त्यातून पुढे लाखो मुलांनी वाद्ये हाती घेतली, त्यांत गरीब वस्त्यांतली मुले पुष्कळ. शाळा सुटली की मुलाने यायचे. सगळ्यांनी मिळून वाजवायचे. मुले वाईट मार्गाला लागू नयेत, हा उद्देश संगीताइतकाच मोठा. त्या कामावर नंतर टीकाही बरीच झाली. फार मोठे झाल्यावर काही ठिकाणी मुलांपेक्षा कार्यक्रमच मोठा झाला, असे टीकाकार म्हणतात. ते वाचून आम्ही मनात म्हटले, तुमची लाखाची संस्था आणि आमची बाविसाची, पण दुखणे एकच दिसते.

मग आम्ही, मास्तर आणि वस्तीतील तीन-चार पालक विहारात बसलो. बारक्याच्या वडिलांनाही निरोप दिला होता, ते आले नाहीत. त्या दिवशी चार नियम ठरले. एक, वर्गाच्या दिवशी आधी पाऊण तास अभ्यास, मग वाद्य. दोन, दर महिन्याला आमच्यापैकी एकाने शाळेत जाऊन प्रत्येक मुलाची हजेरी विचारायची आणि आमच्याच पटावर दुसऱ्या रकान्यात मांडायची. तीन, दहावी होईपर्यंत पैसे घेऊन रात्रीचा कार्यक्रम कुणी करायचा नाही. चार, कुणाच्या घरी खरोखरच अडचण असेल तर ती मंडळाने पाहायची, पोराच्या ढोलकीवर टाकायची नाही.

चौथा नियम सर्वांत अवघड गेला, हे कबूल केले पाहिजे. तिसरा नियम केला की चारशे रुपये थांबतात. ते कुठून आणायचे? वस्तीतील मंडळाच्या बैठकीत आम्ही म्हटले, पुढच्या जयंतीला डीजे एक दिवस कमी करा. केवढा गदारोळ झाला! वर्गणी आम्ही देतो, मजा आमची, असे तरुण म्हणाले. त्यांचेही चुकले असे आम्ही म्हणत नाही. वर्षभर ओझी उचलणाऱ्या पोराला एक दिवस नाचावेसे वाटते. शेवटी दोनऐवजी एकच दिवस डीजे असे ठरले. वाचलेल्या पैशांतून वह्या, परीक्षेची फी आणि दोन घरांचे रेशन निघणार होते. मास्तर त्या बैठकीत एवढेच म्हणाले, "मी तीस वर्षं रात्रीचं वाजवलं. चौथीपुढं शिकलो असतो, तर दिवसाही काही केलं असतं."

बारक्या दोन महिने वर्गाकडे फिरकला नाही. आम्ही त्याच्या घरी तीनदा गेलो. दोनदा वडिलांनी दार उघडले नाही. तिसऱ्यांदा आम्ही बाहेरूनच म्हणालो, "ढोलकीसाठी आलो नाही. गणितासाठी आलो आहे." आम्हांला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण गणित येते. दार उघडले.

तेव्हापासून रोज रात्री साडेनऊ ते साडेदहा आम्ही आणि बारक्या विहाराच्या पायरीवर बसू लागलो. इंग्रजीला त्या अडखळत बोलणाऱ्या मुलीची मोठी बहीण शिकवायची, ती तेव्हा बारावीत होती. अपूर्णांक त्याला काही केल्या समजत नव्हते. एके रात्री मास्तर येऊन बसले आणि त्यांनी मांडीवर ताल धरून दाखवला: एका मात्रेत दोन, एका मात्रेत तीन, एका मात्रेत चार. बारक्या हसला. "म्हंजे पाव म्हणजे चौपट जलद," म्हणाला. गणिताच्या पुस्तकात असे लिहिलेले नाही, पण पोराच्या डोक्यात प्रकाश पडला तो तिथे. जुलैची पुरवणी परीक्षा हाकेवर असताना तो बसला होता, त्यात विज्ञान तेवढे निघाले. हा सारा अभ्यास त्यानंतरचा. गणित आणि इंग्रजी राहिले होते, त्यांचे पेपर त्याने मार्च २०२० मध्ये दिले. पेपर संपले आणि टाळेबंदी लागली.

विहार बंद झाला, वर्ग बंद झाला. नाका ओस पडला. त्या दिवसांत आमचा हजेरीपट एका निराळ्याच कामी आला. कोणत्या घरात किती माणसे, कुणाचे हातावर पोट, कुणाची आई आजारी, हे सारे पाच वर्षांत त्या पटावरून आम्हांला तोंडपाठ झाले होते. रेशनची पाकिटे कुठे आधी न्यायची, हे विचारावे लागले नाही. वर्गातली मोठी मुलेच ती घेऊन फिरली. बारक्या पहिल्या रांगेत.

जुलैच्या शेवटी निकाल लागला. गणितात ३८, इंग्रजीत ३५. पेपरात फोटो येईल असे गुण नव्हेत. पण त्याच्या घराण्यातला तो पहिला दहावी पास. आम्ही पेढे घेऊन गेलो, तोंडाला फडके बांधून. वडिलांनी पेढा घेतला, कागदाची नीट घडी केली आणि म्हणाले, "आता वाजवू द्या त्याला."

आज बारक्या विशीत आहे. दिवसा कुरिअरचे काम करतो. मुक्त विद्यापीठातून पदवी करीन म्हणतो. फॉर्म भरलेला आहे, एका विषयात मागे राहिला आहे. तो फार मोठा कलावंत झाला, असे लिहायला आम्हांला आवडले असते, पण तसे झालेले नाही. बावीस मुलांतली चार आम्ही टिकवू शकलो नाही, हेही लिहिले पाहिजे. त्यांतला एक अजून संडासामागच्या त्या टोळक्यात दिसतो. आम्ही हाक मारतो, तो हात करतो आणि तोंड फिरवतो. त्याच्या नावापुढचा रकाना आम्ही अजून काढून टाकलेला नाही.

मास्तरांना आता बसवत नाही, म्हणून रविवारी लहान मुलांची ढोलकी बारक्याच घेतो. वडील विहाराच्या पायरीवर येऊन बसतात. आत येत नाहीत, पण पोराचा हात चुकला की त्यांची मान हलते. आजाच्या डफड्याची लय त्यांच्या अंगात अजून आहे, ती चुलीत जळालेली नाही.

बंधू-भगिनींनो, आपल्या माळ्यावर एखादी जुनी पेटी असेल, फाटकी ढोलकी असेल, तर खाली काढा. जवळच्या विहारात चार पोरे गोळा करा. त्याला फार पैसे लागत नाहीत. आमचा जमाखर्च वर दिलाच आहे. फक्त हजेरी मांडताना रकाने दोन ठेवा, एक तुमच्या वर्गाचा आणि एक शाळेचा. आम्हांला दुसरा रकाना आखायला चार वर्षे लागली.

परवाच्या रविवारी एक सात-आठ वर्षांचा पोरगा धावत विहारात आला आणि सरळ ढोलकीला झोंबला. बारक्याने ढोलकी मागे ओढली आणि म्हणाला, "आधी पाटी दाखव."

जय भीम!